साडेआठ कुणाचे?

घड्याळ ही सरकारी गोष्ट आहे, हे भारतात राहणाऱ्या माणसाला जन्मभर कळलं नाही तरी काही बिघडत नाही. कच्छमध्ये आणि अरुणाचलात ते सारखंच वाजतं, बारा महिने एकाच चालीने चालतं आणि कुणी मंत्री येऊन त्याचा काटा फिरवत नाही. मला ते कळलं चाळिशीच्या तोंडावर, फरिदाबादच्या सेक्टर पंधरामधल्या एका तिसऱ्या मजल्यावर. ऑनलाइन बुद्धिबळ शिकवणाऱ्या एका छोट्या अकादमीत मी सामन्यांचं वेळापत्रक लावते. निम्मी मुलं इथली. उरलेली न्यू जर्सी, लंडनची उपनगरं, मेलबर्न, दुबई, सिंगापूर अशी विखुरलेली. त्यांतली बरीच मराठी घरांतली, कारण अकादमी काढणारे सर पुण्याचे आणि सुरुवातीची ओळखपाळख तिथलीच. शनिवार-रविवारी या मुलांचे संघ एकमेकांशी खेळतात. कोण कुणाशी खेळणार हे संगणक ठरवतो. कधी खेळणार हे मला ठरवावं लागतं, आणि शिव्याही त्यासाठीच खाव्या लागतात.

माझं बुद्धिबळ सांगलीचं. भाऊसाहेब पडसलगीकरांनी नावारूपाला आणलेल्या नूतन बुद्धिबळ मंडळाच्या स्पर्धा पाहत आम्ही वाढलो. तिथे नऊची फेरी म्हणजे नऊची फेरी. पंचांनी घड्याळ चालू केलं की उशिरा येणाऱ्याची मिनिटं त्याच्या खात्यातून जात, आणि एसटी चुकली ही सबब कुणी ऐकून घेत नसे. वेळेवरून वाद व्हायचे ते पटावरच्या वेळेचे. भिंतीवर किती वाजले यावर दुमत असू शकतं, हे डोक्यातही आलं नव्हतं.

इथे पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की सगळ्यांना चालेल अशी वेळ या पृथ्वीवर नाही. भारत, लंडन, न्यू जर्सी आणि मेलबर्न असे चार संघ घ्या. रात्री साडेआठ ही आपली सोयीची वेळ. ती न्यू जर्सीला सकाळची दहा किंवा अकरा, लंडनला दुपारची तीन किंवा चार. छान. पण मेलबर्नला तेव्हा रविवार उजाडण्याआधीचा एक किंवा दोन वाजलेला असतो. मेलबर्नसाठी दुपारी अडीच धरली, तर तिथे संध्याकाळचे सात-आठ, लंडनला सकाळचे नऊ-दहा. न्यू जर्सीचं पोर मात्र पहाटे चारला उठवावं लागतं. सकाळी साडेसहा धरली तर अमेरिकेत आदल्या रात्रीचे आठ-नऊ आणि मेलबर्नला भर दुपार, मग लंडन मध्यरात्रीत सापडतं. पृथ्वी गोल आहे एवढाच याचा अर्थ, पण पालकांना ते पटवून देणं वेगळं. तीन वेळा आळीपाळीने लावायच्या आणि प्रत्येक संघाच्या वाट्याला हंगामात सारख्या गैरसोयी द्यायच्या, हा आमचा तोडगा. चांगल्या वेळा वाटण्यापेक्षा वाईट वेळा समान वाटणं जास्त न्यायाचं, असं माझं मत झालं आहे. सरांना ते पटलेलं नाही.

साडेसहाची पाळी जानेवारीत आली की फरिदाबादची मुलं हैराण होतात. या दिवसांत इथे सूर्य सव्वासातला उगवतो, तोही धुक्याने परवानगी दिली तर. आपली प्रमाणवेळ ज्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेखावृत्तावरून मोजतात ते मिर्झापूरजवळून जातं. फरिदाबाद त्याच्या पश्चिमेला पाच अंशांहून जरा जास्त, म्हणजे सूर्याच्या हिशेबाने आम्ही प्रमाणवेळेच्या वीस-एकवीस मिनिटं मागेच असतो. रजईतून फक्त डोकं आणि उजवा हात बाहेर, समोर लॅपटॉप, आणि पलीकडे न्यू जर्सीतल्या एडिसनमधला मुलगा जेवून-खाऊन ताजातवाना. एका आईने मला त्या रजईचा फोटो पाठवला होता. खाली लिहिलं होतं, ‘दीदी, ये भी खेल है?’ मुलगा तो डाव जिंकला होता, हे तिने लिहिलं नव्हतं.

हे झालं नुसत्या अंतराचं गणित. ते एकदा कागदावर मांडलं की संपतं. वर वेळा सांगताना मी सारखं ‘दहा किंवा अकरा’, ‘एक किंवा दोन’ म्हणत आले, खरा त्रास त्या ‘किंवा’मध्ये आहे.

अमेरिकेची घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. २००७ पासून तिथे हा नियम आहे. युरोपची घड्याळं मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे. मेलबर्न-सिडनीचा उन्हाळा आपल्या हिवाळ्यात, म्हणून त्यांची ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पुढे, एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागे. त्याच ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनची अजिबात नाहीत. दुबई, सिंगापूर, भारत जागच्या जागी. आता २०२५चा मार्च घ्या. ९ तारखेला अमेरिका हलली, ३० तारखेला युरोप हललं, ६ एप्रिलला मेलबर्न. त्या चार आठवड्यांत न्यू यॉर्क आणि मेलबर्नमधलं अंतर सोळा तासांवरून पंधरावर आणि पंधरावरून चौदावर आलं. लंडन आणि न्यू यॉर्कमध्ये एरवी पाच तास असतात, ते तीन आठवडे चार झाले आणि पुन्हा पाच. लंडनच्या मुलाने काय पाहिलं? सामने न्यू यॉर्कच्या अकराला बांधलेले होते. शनिवार ८ मार्चला त्याचा सामना चारला होता. त्यानंतरचे तीन शनिवार तीनला. मग ५ एप्रिलला परत चारला. त्याच्या घरात कुणी घड्याळाला हात लावला नव्हता तेव्हा सामना सरकला, आणि घड्याळ खरोखर पुढे केलं तेव्हा तो पूर्वीच्या जागी परतला. त्या मुलाच्या आजोबांनी मला फोन करून विचारलं, ‘अहो ताई, तुमच्याकडे नक्की काय चाललंय?’ आजोबा निवृत्त स्टेशनमास्तर. त्यांना खोटं समाधान देऊन चालण्यासारखं नव्हतं. मी त्यांना तक्ता पाठवला. त्यांनी तो तपासला, बरोबर असल्याचं कळवलं आणि रेल्वेत असा कारभार चालला नसता असंही कळवलं.

आठवडे नेहमी तीनच असतात असंही नाही. महिना कोणत्या वारी सुरू होतो त्यावर ते अवलंबून. २०२१मध्ये दोनच होते. म्हणून गेल्या वर्षीचा तक्ता पुढच्या वर्षी चालत नाही. नव्याने आलेल्या मुलामुलींना मी हेच सांगते की अमेरिका साडेनऊ तास मागे, असं पाठ करू नका. साडेनऊ ही न्यू यॉर्कची उन्हाळ्यातली गोष्ट. थंडीत ते साडेदहा. कॅलिफोर्निया साडेबारा आणि साडेतेरा. एक्सेलमध्ये ‘वजा साडेनऊ’ असं सूत्र घालून ठेवणारा माणूस आठ महिने हुशार दिसतो.

फरिदाबादमध्ये हे ज्ञान पुस्तकातून आलेलं नाही. दिल्लीच्या आसपास कॉल सेंटरं आली आणि त्यांच्या पाळ्या अमेरिकेच्या घड्याळावर चालू लागल्या. त्या पाळ्यांना माणसं पोचवणाऱ्या गाड्यांचे ड्रायव्हर मार्च-नोव्हेंबरमध्ये आपोआप तास बदलतात. रात्री मला घरी सोडणारा पलवलचा ड्रायव्हर अशा गाड्यांवर बरीच वर्षं होता. दिवाळी सरली की तोच विचारतो, ‘मॅडम जी, जाड़े वाला टाइम लग गया ना?’ त्याच्या लेखी वर्षाचे दोन भाग आहेत, गर्मीवाला टाइम आणि जाडेवाला टाइम, आणि ते अमेरिकेत ठरतात याचं त्याला काही वाटत नाही. जाडेवाला टाइम लागला की माझी सुटण्याची वेळ तासाने लांबते, नेमकी तेव्हाच जेव्हा मथुरा रोडवर धुरकं उतरलेलं असतं आणि बाटा चौकात मेट्रो बंद होऊन गेलेली असते.

आता ‘बांधलेले’ हा शब्द वर आला, त्याबद्दल. दर शनिवारी होणारा सामना कुणाच्या तरी घड्याळाला बांधावाच लागतो. ज्याला बांधला त्याला वर्षभर तीच वेळ दिसते. बाकी सगळ्यांच्या वेळा वर्षातून दोनदा, चारदा सरकतात. हे न टाळता येणारं आहे, आणि म्हणूनच हा निर्णय तांत्रिक नाही. चेस डॉट कॉमवरचा ‘टायटल्ड ट्यूजडे’ घ्या. जगभरचे किताबधारक खेळाडू मंगळवारी त्यात खेळतात. त्याची वेळ न्यू यॉर्कच्या सकाळी अकराला बांधलेली. म्हणजे भारतीय खेळाडूला उन्हाळ्यात रात्री साडेआठ, हिवाळ्यात साडेनऊ. काही वर्षं त्याच दिवशी दुसरी स्पर्धाही व्हायची, न्यू यॉर्कच्या संध्याकाळी पाचला. ती आपल्याकडे मध्यरात्रीनंतर अडीच किंवा साडेतीनला. आमच्या अकादमीतही काही वेगळं नव्हतं. फी डॉलरमध्ये ज्यांची येते त्यांचं घड्याळ प्रमाण, हा नियम कुणी लिहिलेला नव्हता, पण सगळे गट पाहिले तर तोच दिसत होता. आणि गंमत अशी की जे लोक घड्याळ बदलतात त्यांना काहीच जाणवत नाही. त्यांचे अकरा ते अकराच. जे बदलत नाहीत त्यांची फरफट. काहीच न करता जागेवर उभं राहण्याची किंमत भारतीय मुलं मोजत होती.

रमेशबाबू प्रज्ञानंदची गोष्ट यामुळेच माझ्या डोक्यातून जात नाही. मे २०२२. चेसेबल मास्टर्स ही ऑनलाइन स्पर्धा युरोप-अमेरिकेच्या सोयीच्या वेळी चालू. सोळा वर्षांचा मुलगा चेन्नईत घरी बसून उपांत्य फेरीत अनिश गिरीला हरवतो, तेव्हा इथे रात्रीचे दोन वाजलेले. सामन्यानंतर तो सांगतो की सकाळी पावणेनऊला शाळेत हजर व्हायचंय, अकरावीची परीक्षा आहे. सगळीकडे त्याचं कौतुक झालं, व्हायलाच हवं होतं. मला मात्र वेळापत्रक लावणारं कुणीतरी दिसत होतं, ज्याच्या तक्त्यात चेन्नईच्या रकान्यात ‘०२:००’ लिहिलेलं असणार आणि ज्याने तो रकाना पाहून पुढे जायचं ठरवलं असणार. मीही रोज तेच करते. अंतिम फेरीत तो डिंग लिरेनकडून हरला. वेळेमुळे हरला असं मी म्हणणार नाही; पण वेळ त्याच्या बाजूने नव्हती एवढं म्हणता येतं.

त्याआधी २०२०मध्ये, टाळेबंदीत, फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेने पहिलं ऑनलाइन ऑलिम्पियाड भरवलं तेव्हा गट पाडतानाच देशांच्या टाइम झोनचा विचार केला होता. भारताच्या गटात चीन, इराण, व्हिएतनाम, इंडोनेशिया, मंगोलिया असे आपल्या अंगणातले देश जास्त. कर्णधार नाशिकचा विदित गुजराथी, संघात नागपूरची दिव्या देशमुख. ३० ऑगस्टला रशियाविरुद्धच्या अंतिम लढतीत इंटरनेटची जागतिक सेवा कोलमडली, दिव्या आणि निहाल सरीन यांची घड्याळं पटावर चालत राहिली आणि ते वेळेवर हरले. भारताने दाद मागितली आणि दोन्ही देशांना सुवर्ण दिलं गेलं. बातम्यांत इंटरनेटच गाजलं. माझ्या कामाच्या दृष्टीने मोठी गोष्ट ती गटवारी होती. वेळ आधी आणि गट मग, हा क्रम. आम्ही आजवर उलटं करत होतो. आधी ताकदीप्रमाणे गट पाडायचे आणि मग वेळेसाठी डोकं फोडायचं.

घड्याळाच्या बाबतीत आपण अगदीच निष्पाप आहोत असं मला पूर्वी वाटायचं. मुंबईचं कळल्यावर तो समज गेला. १ जानेवारी १९०६पासून सरकारने भारतीय प्रमाणवेळ लागू केली, ती मुंबईच्या स्थानिक वेळेच्या एकोणचाळीस मिनिटं पुढे. मुंबईने ती सहजासहजी घेतली नाही. त्याच महिन्यात गिरणी कामगारांनी निदर्शनं केली, लोकांना न विचारता वेळ बदललीच कशी असा सवाल फिरोजशहा मेहतांसारख्यांनी केला, आणि महापालिकेने आपल्या घड्याळांवर मुंबई टाइम चालूच ठेवला. स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं तो रेंगाळला. कामगाराचा मुद्दा सरळ होता: भोंगा एकोणचाळीस मिनिटं आधी वाजणार, सूर्य काही आधी उगवणार नाही. आणि घड्याळ तासभर पुढे करायची ती पद्धत, डेलाइट सेव्हिंग? तेही आपल्याकडे होऊन गेलं. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५, देशभरची घड्याळं एक तास पुढे होती. आसामच्या चहामळ्यांत तर आजही ‘बागान टाइम’ आहे, प्रमाणवेळेच्या तासभर पुढे. २०१८मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी ईशान्येसाठी वेगळी वेळ सुचवली. देशाची प्रमाणवेळ सांभाळणारी संस्था तीच, त्यामुळे सूचना हलक्यात घेण्यासारखी नव्हती. ती अमलात आली नाही. आली असती तर गुवाहाटीच्या संघासाठी मला नवा रकाना काढावा लागला असता, आणि खरं सांगायचं तर तिथल्या मुलांचं भलं झालं असतं.

जगात कुठल्या गावी कधी काय वाजत होतं आणि वाजणार आहे याची एक यादी आहे. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी १९८०च्या दशकात ती सुरू केली, पुढे पॉल एगर्ट यांनी ती सांभाळली आणि स्वयंसेवक ती अद्ययावत ठेवतात. आपला फोन, लॅपटॉप, बुद्धिबळाची संकेतस्थळं सगळी शेवटी तिलाच विचारतात. त्या यादीत प्रदेशांना शहरांची नावं आहेत. संपूर्ण भारताचं नाव ‘आशिया/कोलकाता’. सामन्याच्या निमंत्रणावर ते छापून येतं आणि दर हंगामात कुणीतरी पालक कळवतात की आम्ही नागपूरला असतो, कोलकात्याला नव्हे, कृपया दुरुस्ती करावी. पूर्वी मी समजावत बसायचे. आता ‘नोंद घेतली’ एवढंच लिहिते.

या यादीने मला एक गोष्ट शिकवली जी संगणकवाले पहिल्यांदा उलटी सांगतात. त्यांचं म्हणणं, सगळ्या वेळा ग्रिनिचच्या जागतिक वेळेत साठवा आणि दाखवताना बदला. होऊन गेलेल्या सामन्यासाठी ते अगदी बरोबर. पुढे व्हायच्या सामन्यासाठी नाही. पुढचा सामना ‘एडिसनचे सकाळचे अकरा’ असा, गाव आणि भिंतीवरची वेळ धरूनच लिहून ठेवावा लागतो, कारण मधल्या काळात सरकार नियमच बदलू शकतं. ही कल्पनेतली भीती नाही. ब्राझीलने २०१९मध्ये डेलाइट सेव्हिंग बंद केलं, मेक्सिकोने २०२२मध्ये बहुतेक भागांत. लेबनॉनमध्ये २०२३च्या मार्चमध्ये सरकारने शेवटच्या दोन-तीन दिवसांत जाहीर केलं की रमजान संपेपर्यंत घड्याळं पुढे करायची नाहीत. मॅरोनाइट चर्चने ते मानलं नाही आणि काही दिवस एकाच शहरात दोन वेळा चालू होत्या. मग निर्णय मागे घेतला गेला. तिथे आमचा एकही विद्यार्थी नव्हता, याबद्दल मी त्या आठवड्यात देवाचे आभार मानले. युरोपच्या संसदेने २०१९मध्ये हे सगळं संपवण्याच्या बाजूने मत दिलं, अमेरिकेच्या सिनेटने २०२२मध्ये. दोन्ही प्रस्ताव तिथेच अडकून पडले.

मराठी पालकांना हे समजावताना एक दाखला हमखास उपयोगी पडतो. संकष्टीला चंद्रोदय कधी, हे आपण पंचांगात आपल्या गावासमोर पाहतो. मुंबईच्या चंद्रोदयावर नागपूरचा उपास कुणी सोडत नाही. तसंच सामन्याच्या पत्रकात आपल्या गावासमोरची वेळ पाहा, दुसऱ्याच्या वेळेत तास मिळवत-वजा करत बसू नका. हे सांगितलं की आज्या लगेच समजतात. इंजिनिअर बाबांना वेळ लागतो, कारण त्यांना वजाबाकी येते.

वाराचा घोळ वेगळाच. ‘शनिवारी रात्री बारा’ म्हणजे शनिवार सुरू होताना की संपताना? पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, त्यामुळे आपल्या बोलण्यातली शनिवारची रात्र रविवारच्या पहाटेपर्यंत पोचते. संगणकाचा शनिवार बाराच्या ठोक्याला मरतो. आमच्या पत्रकात बारा वाजता काहीही सुरू होत नाही. अकरा पंचावन्न असतं किंवा बारा पाच. आणि त्याच्यासमोर तारीख, वार दोन्ही.

एवढी काळजी घेऊनही पत्रकच खोटं वाटावं असे प्रसंग येतात. ५ एप्रिल २०२५, शनिवार. मेलबर्नच्या मोठ्या मुलांचा संघ, सगळे कॉलेजातले, रात्री जागायला एका पायावर तयार. आपल्या साडेआठला पहिली फेरी, साडेनऊला दुसरी. पत्रकात मेलबर्नच्या रकान्यात आलं: पहिली फेरी रात्री २:००, दुसरी फेरी रात्री २:००. सरांनी छपाईची चूक समजून लाल खूण केली. चूक नव्हती. त्या रात्री तिथे तीन वाजायच्या क्षणी घड्याळ परत दोनवर यायचं होतं, आणि तो क्षण भारताच्या बरोबर साडेनऊला पडत होता. मी रकान्यात ‘पहिले दोन’ आणि ‘दुसरे दोन’ असं लिहिलं. त्या मुलांनी त्याचा फोटो काढून गटात टाकला आणि आपल्या संघाचं नावच ‘दुसरे दोन’ करून घेतलं. उलट बाजूला मार्चमध्ये अमेरिकेत एका रात्री अडीच वाजतच नाहीत. दोननंतर थेट तीन. तिथल्या पोराने ‘रात्री अडीचला एक डाव खेळू’ म्हटलं तर तो डाव कॅलेंडरमध्ये कुठेच बसत नाही.

गेल्या हंगामात मी एक गट वेगळा बांधून पाहिला. त्यात भारतातली मुलं होती, एडिसनची होती आणि फिनिक्सचा एक मुलगा होता. ॲरिझोना राज्यात, नवाहो लोकांचा प्रदेश सोडला तर, घड्याळ बदलत नाही. अमेरिकेत राहूनही फिनिक्स आपल्याच जातकुळीचं. सामना न्यू यॉर्कच्या अकराला बांधलेला असल्यामुळे त्याला हिवाळ्यात नऊ आणि उन्हाळ्यात आठ वाजता बसावं लागे. मार्चमध्ये त्याच्या वडिलांचा संदेश आला: ‘ताई, आमचं घड्याळ तर कधीच बदलत नाही. मग सामना कसा बदलला?’ माणूस मूळचा साताऱ्याचा, प्रश्न सरळ. त्याच महिन्यात फरिदाबादच्या आयाही हेच हिंदीत विचारत होत्या. मी मोजलं, गटातली जास्त मुलं घड्याळ न बदलणाऱ्या गावांतली होती. सरांना सांगितलं की हा गट भारताच्या साडेआठला बांधू. फिनिक्सला कायम सकाळचे आठ, इथे कायम साडेआठ, आणि हलायचं ते एडिसनने हलावं. सर म्हणाले, डॉलरवाले चिडतील. मी म्हटलं, चिडू देत, वर्षातून दोनदाच चिडतील. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, लिही.

एप्रिल ते ऑक्टोबर कुणाची तक्रार आली नाही, कारण उन्हाळ्यात एडिसनचे अकरा आणि आपले साडेआठ एकच. २ नोव्हेंबरला त्यांची घड्याळं मागे आली. सोमवारी एडिसनच्या एका आईचा संदेश: शनिवारचा सामना अकराऐवजी दहाला कसा काय केलात, दहाला त्याचा पोहण्याचा क्लास असतो. मी लिहिलं की सामना होता तिथेच आहे, तुमचं घड्याळ मागे गेलं. बराच वेळ ‘टायपिंग’ दिसत राहिलं. मग तिने विचारलं की याआधी इतकी वर्षं असं का होत नव्हतं. मी तिला फिनिक्सचं आणि फरिदाबादचं सांगितलं, रजईचा तो फोटोही पाठवला. तिचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. पोहण्याच्या क्लासची दुसरी बॅच आहे का ते ती विचारणार होती. पण बॅच मिळाली नाही तर मार्चपर्यंत मुलाला रविवारच्या गटात घ्यावं, असं तिने कळवलं. रविवारचा गट अजून न्यू यॉर्कच्या घड्याळाला बांधलेला आहे. त्यात जागा एकच शिल्लक होती, ती मी त्याच्यासाठी राखून ठेवली.